मदत हवी आहे : गाईड न उघडता निर्णय घ्यावासा वाटेल असा आरपीजी सुचवा

मालकंस :

नमस्कार मंडळी,

माझा भाचा यंदा अकरावीला आहे. सुट्टी लागली की तो आमच्याकडे येतो आणि आम्ही दोघं मिळून आरपीजी, म्हणजे एखाद्या पात्राच्या भूमिकेत शिरून निर्णय घ्यायचे व्हिडिओ गेम, खेळतो. कंट्रोलर त्याच्या हातात, संवाद मोठ्यानं वाचायचं काम माझं, वाद दोघांचा. सध्या ‘द विचर ३’ सुरू आहे. कठीण निर्णय समोर आला की तो खेळ थांबवतो, मोबाइल काढतो आणि म्हणतो, “आत्या, कशानं काय होतं ते आधी बघून घेऊ.” नेटवरच्या गाईडमध्ये सगळ्या पर्यायांचे शेवट मांडलेले असतातच. मग कमी माणसं मरतील तो पर्याय निवडायचा आणि पुढे जायचं.

तो काही गैर करतो असं मी म्हणत नाही. पोरगा हळवा आहे, आपल्या हातून कुणाचं वाईट होऊ नये असं त्याला मनापासून वाटतं. पण ज्या गोष्टीसाठी मी हे खेळ इतका जीव लावून खेळते, तीच त्याच्या वाट्याला येत नाहीये.

(इथून पुढे विचर ३ चा रहस्यभेद आहे.)

खेळातल्या व्हेलेन प्रांताचा बॅरन, म्हणजे तिथला सरदार, आठवा. दारूच्या नशेत बायकोवर हात टाकणारा. बायको आणि मुलगी दोघी घर सोडून गेल्यात, आणि आता त्यांना शोधून दे म्हणून तो गेराल्टशी, म्हणजे आपण ज्याच्या भूमिकेत असतो त्या नायकाशी, सौदा करतो. त्या शोधात एका टेकडीखाली, झाडाच्या मुळांत कोंडलेला आत्मा भेटतो. मला सोडव, मी दलदलीतल्या अनाथ पोरांना चेटकिणींच्या तावडीतून वाचवतो, असं तो म्हणतो. गावचा मुखिया म्हणतो, त्याला मारून टाक. सोडवलं तर पोरं वाचतात, पण आत्मा डाउनवॉरन गावात कत्तल करतो. पोरं निसटली म्हणून चेटकिणी बॅरनच्या बायकोला, ॲनाला, शाप देतात. त्यात ती जाते आणि बॅरन गळफास घेतो. मारलं तर गाव वाचतं, पोरं चेटकिणींच्या पोटात जातात, ॲना जगते पण भ्रमिष्ट होऊन, आणि बॅरन तिला घेऊन दूर डोंगरात एका वैद्याकडे निघून जातो.

यातलं काहीही निर्णयाच्या क्षणी दिसत नाही. त्या आवाजावर विश्वास ठेवायचा की नाही, एवढंच आपल्या हातात असतं. मी पहिल्यांदा खेळले तेव्हा त्याला सोडवलं होतं, पोरांसाठी. पुढे बॅरननं गळफास घेतलेलं त्याच्या आवारातलं झाड पाहिलं तेव्हा सुन्न झाले. तरीही त्या वेळी मला जे ठाऊक होतं त्यावरून मी पुन्हा तेच केलं असतं, आणि हे मी आजही कुणाशीही भांडून सांगेन. भाच्यानं मात्र दोन्ही शेवट आधी वाचले आणि म्हणाला, “दोन्हीकडे साधारण सारखंच नुकसान आहे गं.” हिशोब बरोबर होता. पण त्याला काहीच झालं नाही.

याआधी आम्ही ‘मास इफेक्ट’ खेळलो. तिथे चांगुलपणाचे निळे गुण, दांडगाईचे लाल गुण. दुसऱ्या भागात मिरांडा आणि जॅक या आपल्याच दोन साथीदारणींचं भांडण पेटतं तेव्हा दोघींना सांभाळून घेणारं उत्तर तुमचे गुण भरपूर असतील तरच निवडता येतं. त्यामुळे तो पहिल्यापासून फक्त निळं साठवत गेला, समोर कोण काय बोलतंय हे न ऐकता. ‘ड्रॅगन एज : ओरिजिन्स’मध्ये रेडक्लिफच्या सरदाराचा लहान मुलगा पछाडलेला असतो. त्या मुलाला मारा, नाहीतर त्याच्या आईचा बळी द्या, किंवा जादूगारांच्या मठातून मदत आणा. मदत आणायला कितीही वेळ लावा, मागे रेडक्लिफमध्ये काहीच बिघडत नाही. दोघं वाचतात. इतका सोयीचा रस्ता एकदा सापडला की पोरगं पुढे प्रत्येक ठिकाणी तोच शोधणार ना?

तर मला असा खेळ हवाय ज्यात गाईड उघडून फारसा उपयोगच होणार नाही, किंवा उघडावासाच वाटणार नाही. त्याच्या घरच्या लॅपटॉपला ग्राफिक्स कार्ड नाही, त्यावर चालला तर उत्तम, म्हणजे सुट्टीनंतर व्हिडिओ कॉलवर पुढे खेळता येईल. इंग्रजी वाचन त्याचं चांगलं आहे. मारधाड नसली तरी चालेल. आणि मोठ्या माणसानं सोबत खेळताना काय करावं, काय करू नये, यावरही कुणाचा अनुभव असेल तर नक्की लिहा.

गवतफुला :

‘अंडरटेल’ (२०१५). टोबी फॉक्सचा आहे, कुठल्याही लॅपटॉपवर चालतो. समोर येणाऱ्या प्रत्येकाला न मारता सोडून देता येतं, पण ते सोपं नाही, दर वेळी नवी युक्ती लागते. आणि तुमच्या भाच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे हा खेळ सेव्ह-रीलोड, म्हणजे आधी साठवलेल्या जागी परत जाऊन निर्णय बदलणं, लक्षात ठेवतो. सुरुवातीला टोरिएल नावाची एक मायाळू बाई भेटते. तिला मारलंत आणि वाईट वाटून रीलोड करून वाचवलंत, तर लगेच पुढे एक पात्र तुम्हाला ते तोंडावर सुनावतं. सगळ्यांना मारून शेवटापर्यंत गेलात तर नंतर कितीही चांगलं वागा, सुखाचा शेवटसुद्धा डागाळलेलाच मिळतो. याहून जास्त सांगत नाही. एवढंच सांगितलं तेही जास्त झालं.

दर्यावर्दी :

ताई, तुमचा भाचा जे करतोय ते त्याला खेळांनीच शिकवलंय. समोर मोजपट्टी ठेवली की माणूस मोजपट्टीकडेच बघणार. मास इफेक्टवर काम केलेल्या एका माजी डिझायनरनं २०२० मध्ये लिहिलं होतं की सुमारे ९२ टक्के खेळाडू निळ्या बाजूनंच खेळले. लाल बाजूसाठी एवढे संवाद लिहिले, रेकॉर्ड केले, आणि ते ऐकले फार थोड्यांनी.

मोजपट्टीचा सगळ्यात वाईट नमुना मला ‘फॉलआउट ३’मध्ये दिसला. (हा २००८ चा. भारतात तो अधिकृतपणे विकायलाच आणला नाही, सांस्कृतिक संवेदनशीलतेचं कारण देऊन.) टेनपेनी टॉवर नावाच्या इमारतीत श्रीमंत माणसं राहतात, बाहेर किरणोत्सर्गानं विद्रूप झालेले घूल आत जागा मागतायत. तुम्ही खटपट करून समेट घडवता, सगळे एकत्र राहायला लागतात. काही दिवसांनी परत जावं तर आतली सगळी माणसं मेलेली. घुलांचा म्होरक्या रॉय फिलिप्स निवांत. प्रसंग म्हणून जबरदस्त आहे, समेटाचं श्रेय मिरवणाऱ्याला हादरवणारा. पण त्याबद्दल रॉयला मारलंत तर खेळातला कर्माचा काटा, म्हणजे पाप-पुण्य मोजणारी पट्टी, तुम्हालाच पापी ठरवतो! गोष्ट एक सांगते आणि गुणपत्रक भलतंच.

उलट १९८५ चा ‘अल्टिमा ४’ बघा. रिचर्ड गॅरियटचा. शेवटी मारायला खलनायकच नाही. आठ सद्गुण अंगी बाणवायचे, एवढंच ध्येय. जादूचं सामान विकणारी एक आंधळी दुकानदारीण आहे, किती पैसे द्यायचे ते तुम्हीच टाकायचे. कमी टाकलेत तर ती आभार मानून सामान देते, खेळ काही बोलत नाही, आणि आत कुठेतरी तुमचा प्रामाणिकपणा घटतो. आकडा कुठेच दिसत नाही. राजवाड्यातल्या हॉकविंड नावाच्या द्रष्ट्याला जाऊन विचारायचं, तोही मोघमच सांगतो. चाळीस वर्षांपूर्वी हे सुचलं होतं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. जीओजी या खेळ विकणाऱ्या संकेतस्थळावर मोफत आहे, पण चित्रं आणि नियंत्रणं फार जुनी, अकरावीचा मुलगा टिकेल का शंका आहे.

रीलोडवर मला पटलेला उपाय पहिल्या ‘विचर’मध्ये (२००७) आहे. नदीकाठी एका व्यापाऱ्याच्या पेट्या राखायच्या असतात. रात्री बंडखोर येतात आणि माल मागतात. दिला, तर पुढच्या प्रकरणात शहरात ज्या माणसाकडून माहिती हवी असते तो त्यांच्याच हातून मेलेला सापडतो. मधे कित्येक तासांचा खेळ झालेला असतो. आता मागच्या सेव्हला जायचं म्हणजे ते सगळं पुन्हा. कुणी जात नाही. परिणाम उशिरा आला की तो गळ्यात पडतोच.

मालकंस :

आभार दोघांचेही. अंडरटेल यादीत टाकला. दर्यावर्दी, टेनपेनीबद्दल माहीतच नव्हतं, भाच्याला आजच सांगते. फक्त गोष्ट, काट्याचा भाग नाही.

कोरा कागद :

थोडं वेगळं मत मांडतो. गाईड बघणं इतकं वाईट आहे का? परिणामांची माहिती काढून मग ठरवणं हाच शहाणपणा आपण मुलांना शिकवतो. “दोन्हीकडे सारखंच नुकसान आहे” असं तो म्हणाला, तिथून पुढची चर्चा तुम्ही करायला हवी होती. सारखं कसं? गाव आणि पोरं यांची बेरीज कशी केलीस? बॅरन जगणं हे फायद्यात धरायचं का? शेवट कळल्यावरही हे प्रश्न शिल्लक राहतातच की. माझी मुलगी शेवट वाचून खेळते आणि तिच्याइतका विचार करणारा खेळाडू मी पाहिला नाही.

तरी सुचवायचंच तर ‘बॉल्डर्स गेट ३’ (२०२३). सुरुवातीलाच एका मुलीनं मूर्ती चोरलेली असते आणि कागा नावाची बाई तिच्यावर साप रोखून उभी असते. तुम्ही समजावायला जाता, फासा पडतो, आणि वाईट पडला तर पोरगी तुमच्या डोळ्यांदेखत मरते. इथे गाईड फार तर कुठलं वाक्य निवडायचं ते सांगेल, फासा तुमचाच. ऑनर मोड नावाच्या कठीण पद्धतीत सेव्हही एकच. पण बिना ग्राफिक्स कार्डाच्या लॅपटॉपवर अजिबात नाही, तुमच्याकडच्या मशीनवरच खेळा.

मालकंस :

तुमचा मुद्दा मान्य आहे आणि तो प्रश्न मी त्याला विचारणार आहे. पण प्रत्यक्षात निर्णय घेताना शेवट वाचायला मिळत नाही हो. पुढच्या वर्षी त्याला कुठल्या शाखेला, कुठल्या गावाला जायचं ते ठरवायचंय. काहीच ठाऊक नसताना, जेवढं कळलंय तेवढ्यावर पाऊल टाकायची सवय त्याला व्हावी असं मला फार वाटतं. खेळात ती सवय स्वस्तात होते.

हिरवी वही :

मग तुम्हाला ‘पेन्टिमेंट’ हवाय. २०२२ चा, ऑब्सिडियन कंपनीचा, जॉश सॉयर दिग्दर्शक. साध्या लॅपटॉपवर चालायला हरकत नाही. मारधाड जवळजवळ नाही, चालायचं, बोलायचं, वाचायचं.

बव्हेरियातलं टासिंग नावाचं कल्पित गाव, साल १५१८. आंद्रेयास मालर हा तरुण चित्रकार शेजारच्या मठात हस्तलिखितं रंगवायचं काम करतोय. मठात एका सरदाराचा खून होतो आणि आळ येतो आंद्रेयासच्या म्हाताऱ्या स्नेह्यावर, ब्रदर पिएरोवर. त्याला वाचवायचं तर न्यायाधीशासमोर दुसरं कुणीतरी उभं करावं लागतं. मठाचा प्रायर (वरिष्ठ साधू), एक नन, गावातली एक विधवा, एक पाथरवट. प्रत्येकाकडे कारण आहे. वेळ मोजका. आज या घरी जेवायला गेलात तर त्या घरातली गोष्ट राहून जाते. सगळे धागे तपासणं शक्यच नाही. अर्धवट माहितीवर तुम्ही बोट दाखवता आणि त्या माणसाला देहदंड होतो.

आता तुमच्या भाच्याच्या मोबाइलचा प्रश्न. गाईड उघडू दे खुशाल. खरा खुनी कोण हे खेळ कधीच सांगत नाही. गाईड लिहिणाऱ्यालाही ते ठाऊक नाही, कारण ते कुठे ठेवलेलंच नाही. बरोबर उत्तर नसलेल्या प्रश्नाची उत्तरपत्रिका कुठून आणणार?

पुढचा अंक १५२५ मध्ये, शेतकऱ्यांच्या उठावाच्या काळात. तुम्ही ज्याच्याकडे बोट दाखवलंत त्याची माणसं अजून त्याच गावात आहेत. कुणी बोलतं, कुणी तोंड फिरवतं. आधी पाहिलेली पोरं मोठी झालीत. तिसरा अंक १५४३ चा, त्याबद्दल गप्प बसते. मला या खेळानं जे दिलं ते इतर कुठल्या आरपीजीनं दिलं नाही. माझ्या निर्णयासोबत गाव जगत राहिलं, आणि मला त्या गावात परत जावं लागलं.

सोबत खेळताना काय करावं म्हणालात. मी माझ्या धाकट्या बहिणीबरोबर खेळले तेव्हा एवढंच पाळलं : निवडण्याआधी तिनं कारण मोठ्यानं सांगायचं आणि मी त्यावर हो-नाही काहीही म्हणायचं नाही. आपण भुवई उंचावली तरी मुलं तिकडे बघून उत्तर बदलतात. तुम्ही हा खेळ आधी एकटीनं खेळून घेऊ नका, ही विनंती. तुम्हालाही काही ठाऊक नाही हे त्याला दिसू दे.

दर्यावर्दी :

पेन्टिमेंटला जोरदार अनुमोदन. तो आवडला तर पुढे ‘डिस्को एलिसियम’ (२०१९), पण त्यात दारू, व्यसन, नैराश्य फार आहे, तो एखाद-दोन वर्षांनी. त्यात फासा फसला तरी बहुतेक वेळा गोष्ट थांबत नाही, वेगळ्या वाटेनं पुढे जाते, म्हणून रीलोडची ओढ आपोआप कमी होते.

मालकंस :

हिरवी वही, ठरलं, पेन्टिमेंट. बॅरनचं प्रकरण तसंही संपलंय, विचर थोडे दिवस बाजूला ठेवू. भाचा आत्ताच विचारतोय की देहदंड दाखवतात का. आणि एक शंका : चित्रफीत पाहिली त्यात अक्षरं जुन्या हस्तलिखितासारखी वळणदार दिसली. मोठ्यानं वाचणार मी, चष्मा माझा. जमेल ना?

हिरवी वही :

दाखवतात, पण चित्रशैली जुन्या पोथ्यांसारखी आहे, त्यामानानं अंगावर येत नाही. प्रसंग मात्र जड आहे, तेव्हा त्याला आधी कल्पना द्या, आणि ते दृश्य पाहिल्यावर लगेच खेळ बंद करू नका, थोडं पुढे जाऊन मग थांबा.

अक्षरांचं म्हणाल तर मठातल्या माणसांचं बोलणं वळणदार लिपीत येतं, शेतकऱ्यांचं साध्या हातात, छापखानेवाल्याचं खिळे जुळवल्यासारखं. बघायला फार सुंदर. त्रास झाला तर सेटिंग्जमध्ये सोप्या अक्षरांचा पर्याय आहे, तो सुरू करा. सेव्ह आपोआप होतं, त्यामुळे तोही वाद नाही. सुरुवातीला आंद्रेयासचं शिक्षण आणि स्वभाव निवडायला सांगतात, कायदा शिकलाय की वैद्यकी वगैरे. त्यावरून पुढे कुठली वाक्यं बोलता येतील ते ठरतं. ती निवड पूर्ण त्याच्यावर सोडा. आणि पहिल्या अंकात कुणावर बोट ठेवलंत ते इथे येऊन जरूर लिहा. मी कुणावर ठेवलं होतं ते तेव्हाच सांगेन.