गीझरच्या कॉइलचा रोध दोन पद्धतींनी वेगवेगळा येतोय

निवांत
गीझर १५ लिटरचा, प्लेटवर २००० वॅट, २३० व्होल्ट. पाणी तापायला हल्ली जास्त वेळ लागतो. प्लग काढून, थर्मोस्टॅट पूर्ण फिरवून प्लगच्या फेज-न्यूट्रल पिनांवर मल्टिमीटर धरला तर २६.५ ओहम. मग सॉकेटमध्ये व्होल्टेज मोजलं, २२८. गीझर लावून क्लॅम्पमीटरवर (वायरभोवती चिमटा घालून करंट मोजणारा मीटर) करंट ७.७ अँपिअर. आता २२८ ÷ ७.७ = २९.६ ओहम. तीन ओहमचा फरक कुठून आला? कॉइल तापली की रोध एवढा वाढतो? बदलायची का?

ओहमकार
कॉइल ठणठणीत आहे. २३० चा वर्ग (५२,९००) भागिले २००० म्हणजे २६.४५ ओहम, तुमचं मीटरही तेच सांगतंय. कॉइलच्या निक्रोम तारेचा रोध तापल्यावर किरकोळ वाढतो, त्यातून ही कॉइल पाण्यात बुडालेली. बल्बच्या टंगस्टनची गोष्ट वेगळी : १०० वॅटचा बल्ब पेटलेला असताना ५२९ ओहम, थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी.

गडबड मोजणीत आहे. करंट घेतला गीझर चालू असताना आणि व्होल्टेज तो बंद असताना. लोड नसताना वायरिंगमध्ये ड्रॉप (व्होल्टेजची घट) नसतोच, त्यामुळे २२८ हा आकडा कॉइलच्या वाट्याला कधी आलाच नाही. गीझर चालू ठेवून तीन ठिकाणी व्होल्टेज घ्या : घराच्या वीजमीटरपाशी, एमसीबीच्या (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आउटपुटला, गीझरच्या सॉकेटच्या टर्मिनलवर. बोर्ड उघडं असताना हे काम सवयीच्या वायरमननेच करावं. मल्टिमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात राहिली नाही ना, ते आधी बघा, नाहीतर थेट शॉर्ट.

निवांत
वायरमनकडून मोजून घेतलं. मीटरपाशी २१९, एमसीबीला २१९, सॉकेटला २०४. करंट तोच, ७.७. वायर १.५ चौरस मिमी तांब्याची, बोर्डापासून बाथरूमपर्यंत अंदाजे १८ मीटर.

ओहमकार
२०४ ÷ ७.७ = २६.५. जुळलं. गीझरला खरी पॉवर २०४ × ७.७ = १५७१ वॅट मिळतेय. १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला सुमारे २५१२ किलोज्यूल लागतात. पूर्ण २००० वॅटवर ते २१ मिनिटांचं काम, तुमच्याकडे साडेसव्वीस मिनिटं. व्होल्टेज ११ टक्क्यांनी कमी, पॉवर मात्र २१ टक्क्यांनी, कारण पॉवर व्होल्टेजच्या वर्गाने बदलते.

पण मला खटकतात ते एमसीबी ते सॉकेटमधले १५ व्होल्ट. १.५ चौरस मिमी तांब्याचा रोध किलोमीटरला साधारण १२.१ ओहम. जाऊन-येऊन ३६ मीटर म्हणजे ०.४४ ओहम, म्हणजे ड्रॉप साडेतीन व्होल्टच्या आत हवा. उरलेले साडेअकरा व्होल्ट कुठल्यातरी ढिल्या जॉइंटवर पडतायत. ११.५ × ७.७ = जवळपास ९० वॅट! सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं, तशी साडेतीन त्या डबीत चालू आहेत असं समजा. तो जॉइंट सापडून दुरुस्त होईपर्यंत गीझर लावू नका. मेन बंद करून सॉकेटच्या मागचे स्क्रू, स्विचची टर्मिनल्स आणि न्यूट्रल लिंक (न्यूट्रल वायरी जोडायची पट्टी) तपासा. फेज सगळे घट्ट करतात, न्यूट्रल विसरतात.

मीटरपर्यंतचा २२८ ते २१९ हा ड्रॉप मात्र खांबावरून येणाऱ्या लाइनचा. तो घरात सुटणार नाही.

फेज_न्यूट्रल
दोन गोष्टी जोडतो. क्लॅम्प एकाच वायरभोवती हवा. अख्ख्या केबलभोवती घातला तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना मारतात आणि मीटर शून्य दाखवतं. आणि हा भागाकार-गुणाकार फक्त कॉइल, इस्त्री, शेगडी असल्या वस्तूंना. पाण्याच्या पंपाला लावू नका. पंप २३० व्होल्टवर ६.५ अँपिअर घेत असेल तर १४९५ हे व्होल्ट-अँपिअर झाले. पॉवर फॅक्टर (व्होल्ट-अँपिअरपैकी खरे वॅट किती, ते प्रमाण) ०.७५ असेल तर खरे वॅट ११२१. तिथे ३५ ओहम भागाकार येईल आणि वाइंडिंगवर मल्टिमीटर जेमतेम काही ओहम दाखवेल. मग लोक चांगली मोटर ‘जळाली’ म्हणून रिवाइंडिंगला नेतात.

निवांत
सॉकेट उघडला. न्यूट्रलची पितळी पट्टी काळी पडलेली, वायरचं इन्सुलेशन बोटभर करपलेलं. वायर तेवढी छाटून नवीन १६ अँपिअरचा सॉकेट बसवला. आता चालू लोडवर सॉकेटला २१५ व्होल्ट, ८.१ अँपिअर. भागाकार २६.५, गुणाकार १७४२ वॅट.