मदत हवी आहे: मुक्या जलपरीच्या मनातलं रंगमंचावर कसं दाखवायचं?

सोसायटीच्या गॅदरिंगसाठी डॅनिश लेखक अँडरसनची १८३७ची जलपरीची गोष्ट बसवतेय. मुलं आठ ते अकरा वयाची, वेळ वीस मिनिटं. हॉल छोटा, पडदा आहे, पण विंगा नाहीत आणि स्पॉटलाइटही नाही.

अडचण अशी, की समुद्रातली चेटकीण शेपटीऐवजी पाय देण्याच्या बदल्यात तिची जीभ कापून घेते आणि निम्म्या नाटकात नायिका मुकी. राजपुत्राला वाचवलं तिनेच, पण तो श्रेय देतो दुसरीलाच. हे प्रेक्षकांना माहीत, हिला माहीत, सांगता मात्र येत नाही. सगळी गंमत (आणि सगळं दुःख) इथेच आहे.

सूत्रधार घालून पाहिला, तर नाटकाचं कथाकथन झालं. तिच्याच आवाजात रेकॉर्डिंग लावलं, तर पुढे बसलेली पोरं ओरडली, "आली वाचा परत!" मूकाभिनय प्रेमापर्यंत ठीक चालतो, सुरीच्या प्रसंगाला अडतो. बहिणी चेटकिणीला केस देऊन सुरी आणतात: सूर्योदयाआधी राजपुत्राला मार, त्याचं रक्त पायांवर पडलं की शेपटी परत येईल. ती सुरी समुद्रात फेकते. ही घालमेल नुसत्या चेहऱ्यावर आणणं दहा वर्षांच्या मुलीला झेपत नाहीये.

शेवट बदला असं कृपया सुचवू नका. लग्नाचा शेवट १९८९च्या डिस्नेपटात आहे, आम्हाला मूळ गोष्टीतलाच हवा: राजपुत्र दुसरीशी लग्न करतो, म्हणून जलपरी समुद्राचा फेस होते आणि वाऱ्याच्या कन्यांमध्ये सामील होते. गाणी चालतील, पेटी-तबला आहे. बहिणींचं काम करणाऱ्या पाच मुली तेव्हा मोकळ्याच असतात.

या पाचजणींना वापरून, जलपरीच्या तोंडी शब्द न देता, सुरीचा प्रसंग कसा बसवता येईल?