बागेवरची बंगाली टोळी आणि गावातली कुजबुज: कागद मागायचा हक्क कुणाचा, आणि कुठपर्यंत?

सावळज_बागायत (ता. तासगाव)

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितोय, पण मला खरंच सल्ला हवाय.

आमच्याकडं द्राक्षबागेची फळछाटणी झाली की काडीला पेस्ट लावण्यापासून विरळणी-डिपिंगपर्यंतचं (घडातले जादा मणी काढणं, घड औषधात बुडवणं) काम मजुरांच्या टोळीला उक्तं, म्हणजे एकरी दर ठरवून, दिलं जातं. पूर्वी जत, कवठेमहांकाळकडच्या टोळ्या यायच्या, अजूनही येतात. अलीकडच्या हंगामांत बिहार आणि बंगालच्या टोळ्या वाढल्या. माझ्या प्लॉटवर सध्या आहे ती मालदा जिल्ह्यातली, मुकादमही तिकडचाच. माणसं पत्र्याच्या शेडमध्ये राहतात, उजाडायच्या आत कामाला लागतात आणि घड इतक्या निगुतीनं हाताळतात की मागं फिरून बघावं लागत नाही.

मागच्या आठवड्यात गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी त्यांचा फोटो टाकला. लुंगी नेसून बांधावर जेवायला बसलेत, एवढंच त्यात दिसतं. खाली लिहिलं होतं, 'आपल्या गावात बांगलादेशी'. संध्याकाळपर्यंत तो फोटो आजूबाजूच्या गावांत फिरला. दुसऱ्या दिवशी टोळीतलं कुणी किराणा आणायलाही गेलं नाही. मुकादमानं माझ्या हातात पैसे ठेवले आणि म्हणाला, तुम्हीच आणून द्या.

मी सगळ्यांची आधारकार्डं बघितली. सगळ्यांकडं आहेत. एकाच पोराचा घोळ आहे, वय बावीस-तेवीस. कार्डावरचं गाव एक आणि तो सांगतो ते गाव दुसरं. विचारलं तर म्हणाला, जुनं घर गंगेनं नेलं. मालदा-मुर्शिदाबादकडं नदी काठ खात जाते आणि वस्त्याच्या वस्त्या मागं सराव्या लागतात, हे मी वाचलंय. पण हा पोरगा खरं बोलतोय का, हे मला सावळजमध्ये बसून कसं कळावं?

माझं मत आधीच सांगतो. देशाला सीमा असते आणि आत कोण येणार हे देशानंच ठरवायचं असतं. चोरून येणं हा गुन्हा आहे आणि तो गुन्हाच असावा. पण गुन्हेगार कोण हे गावच्या ग्रुपनं ठरवायचं नाही.

दुसरी एक गोष्ट मला फार लागते. दर हंगामात आपल्याकडं बाहेरून द्राक्ष व्यापारी येतात. पहिल्या गाड्यांचे पैसे रोख, मग चेक, मग नुसता शब्द, आणि शेवटचा माल उचलून फोन बंद. असा फटका न बसलेलं घर आमच्या तालुक्यात शोधावं लागेल. त्या व्यापाऱ्याला आपण पाहुण्यासारखं बसवून घेतो, कागद मागायचा संकोच करतो. आणि जो माझं काही बुडवू शकत नाही, उलट ज्याचीच मजुरी हंगामभर माझ्याकडं अडकलेली असते, त्याच्याकडं अख्खं गाव कागद मागतं.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. कायद्यानं माझ्यावर नेमकी काय जबाबदारी येते? आणि हा पोरगा खरोखरच पलीकडून आलेला निघाला, तर पोटासाठी आलेल्या माणसाला पोलिसांच्या हवाली करणं योग्य आहे का? दुसऱ्याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

मिरजचा_वकील

दादा, आधी कायद्याचं सांगतो. १ सप्टेंबर २०२५ पासून 'इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, २०२५' लागू आहे. १९२०, १९३९, १९४६ आणि २००० सालचे चार जुने कायदे रद्द होऊन त्यांच्या जागी हा एकच आला. पासपोर्ट-व्हिसाशिवाय आत आलेल्याला पाच वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बनावट पासपोर्ट-व्हिसा वापरला तर किमान दोन, कमाल सात वर्षं, आणि दंड वेगळा. शिक्षा कमी आहे असं कुणी म्हणू शकणार नाही.

खरी मेख आहे ती पुराव्याच्या ओझ्यात. चोरीच्या खटल्यात गुन्हा सरकारनं शाबित करायचा असतो. इथं 'मी परदेशी नाही' हे त्या माणसानं दाखवायचं. १९४६ च्या कायद्यातही असंच होतं. म्हणून जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आसामच्या एका प्रकरणात दिलेला निकाल महत्त्वाचा आहे. ओझं त्या माणसावर असलं तरी आधी सरकारकडं संशयाला ठोस आधार हवा. कुणाच्याही दारावर थाप मारून 'आम्हाला तुझा संशय आहे, आता तूच सिद्ध कर' असं म्हणता येणार नाही, असं न्यायालयानं स्पष्ट सांगितलं. लुंगी आणि बोली हा तसा आधार होत नाही.

आधारचं म्हणाल तर तो नागरिकत्वाचा पुरावा नाही, आधारच्या कायद्यातच तसं लिहिलंय. पण त्यावरचा पत्ता जुळत नाही म्हणून माणूस परदेशीही ठरत नाही. तुमच्या पोराचा जन्म ३ डिसेंबर २००४ च्या आधीचा असेल, तर भारतात जन्म आणि आई-बापांपैकी एक भारतीय एवढं पुरे आहे. त्यानंतर जन्मलेल्यांना एक भारतीय आणि दुसराही बेकायदा आलेला नाही, असं दोघांचंही दाखवावं लागतं. घर नदीत गेलेल्या कुटुंबानं बापाचा कागद कुठून आणायचा, याची सोय कायद्यात नाही, आणि मला ती मोठी उणीव वाटते.

तुम्ही कुणाचं नागरिकत्व तपासत बसू नका, ते तुमचं काम नव्हे. जागेवर राहणाऱ्यांची नावं, फोटो, ओळखपत्रांच्या प्रती पोलीस ठाण्यात द्या आणि पोच घ्या. भाडेकरूंची माहिती देण्याबद्दल जिल्हा प्रशासनाचे आदेश निघतात, ते मोडले तर भारतीय न्याय संहितेचं कलम २२३ लागतं. परदेशी आहे हे पक्कं ठाऊक असून लपवून ठेवलात, तर मात्र तुम्हीही त्यात याल.

जतची_लेक

दादा, रागानं घेऊ नका, पण दुसरी बाजूही ऐका. आई आणि मी सुट्टीत विरळणीला तुमच्याच भागात येतो. माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष आहे. आमच्या पूर्व भागातली गावं अजून म्हैसाळ उपसा सिंचन योजनेच्या पाण्याची वाट बघतायत, त्यामुळं गाव सोडून कामाला जाणं आम्हाला चुकत नाही.

बाहेरची टोळी शेडवरच राहते, म्हणून अंधारात कामाला लागते. आम्ही घरचा स्वयंपाक, पाणी उरकून पिकअपमध्ये उभ्यानं येतो, तोवर ऊन वर आलेलं असतं. मग बागायतदार म्हणतात, बायकांचं काम भरत नाही. पुढच्या वर्षी उक्त्याचा दर ठरवताना बंगालच्या टोळीचा दर आमच्या तोंडावर मारतात.

मालद्याचा माणूस भारतीय आहे, त्याला देशात कुठंही काम करायचा हक्क आहे. त्याच्याशी माझं भांडण नाही. पण चोरून आलेला माणूस पडेल त्या मजुरीला का तयार होतो? कारण त्याला तक्रार करता येत नाही. मुकादमाला नेमका असाच माणूस हवा असतो. त्याच्या भीतीवर मुकादम कमावतो आणि आमची हजेरी खाली येते. म्हणून कायदा कडकच हवा असं मी म्हणते. पण पकडून नेतात ते शेडमधल्या पोरांना. त्यांना आणणारा मुकादम, त्यांच्यावर पैसे वाचवणारा मालक कोर्टात उभा राहिलेला मी तरी अजून ऐकला नाही. तुम्ही स्वतःच्या मनाला प्रश्न विचारलाय, तर हाही विचारा: या टोळीला तुम्ही आम्हाला देता तोच दर देता का?

गलाईवाला_विटा (सध्या त्रिशूर)

ताईंचा मुद्दा बिनतोड आहे. पण मी वेगळ्या बाजूनं लिहितो.

खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि साताऱ्यातल्या माण-खटावची माणसं दुष्काळाला कंटाळून सोन्या-चांदीच्या गलाईत, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या धंद्यात, गेली आणि देशभर पसरली. तिथल्या लोकांना आमची भाषा कळत नाही, आमचं गाव त्यांना नकाशात सापडत नाही. कुठं चोरीचं सोनं गाळल्याचा संशय आला की पहिली धाड आमच्या भट्टीवर. माझ्या चुलत्यांना एकदा दुसऱ्या राज्याचे पोलीस गाडीत घालून घेऊन गेले. काय विचारतायत ते त्यांना कळेना, ते काय सांगतायत ते पोलिसांना कळेना. त्रिशूरचे सराफ ठाण्यात येऊन उभे राहिले, 'हा माणूस वीस वर्षं आमच्यात आहे' म्हणाले, तेव्हा सुटका झाली. मालद्याच्या त्या पोरासाठी तासगावच्या ठाण्यात कोण उभं राहणार? दादा, तुमच्याशिवाय मला तरी कुणी दिसत नाही.

चोरून येणाऱ्याला पापी समजणं मला पटत नाही. आमच्या ओळखीतली एक-दोन घरं नेपाळात गलाई करतात. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळं त्यांना तिथं राहायला, धंदा करायला व्हिसा लागत नाही, आणि नेपाळी माणूस आपल्याकडं तसाच राहतो. बांगलादेशाशी असा करार नाही. म्हणजे सीमा ओलांडणं एका बाजूला रीतसर आणि दुसऱ्या बाजूला गुन्हा, आणि फरक दोन सरकारांनी काय ठरवलं त्याचा. तो नियम पाळायलाच हवा. मोडणाऱ्याला परत पाठवा. पण दरोडेखोराला वागवतो तसं त्याला वागवायचं कारण नाही.

कडेगावकर_९६

सगळे फार हळवे झालात. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेनं १०४ भारतीयांना लष्करी विमानानं अमृतसरला आणून सोडलं, हातापायांत बेड्या घालून. त्यात महाराष्ट्राचेही तिघे होते. त्यांचा देश, त्यांचा कायदा. ते करू शकतात तर आपण का नाही? मला त्यात काही गैर वाटत नाही.

जतची_लेक

परत पाठवलं म्हणून देशात कुणी ओरडलं नव्हतं, भाऊ. बेड्या बघून लोक पेटले होते. आणि ती माणसं भारतीयच आहेत याची खात्री आधी आपल्या सरकारनं करून दिली होती. इथं खात्री व्हायच्या आधीच फोटो फिरतोय.

निवृत्त_फौजदार_सातारा

ही खात्री कशी होते ते सांगतो, नोकरीत बरीच प्रकरणं हातून गेली. आपलं ठाणं तिकडच्या ठाण्याला पत्र लिहितं. तिथला शिपाई गावात जातो, घर बघतो, शेजाऱ्यांना विचारतो, पंचायतीकडून लिहून घेतो, मग उत्तर येतं. हे नीट व्हायला वेळ लागतो. मे २०२५ मध्ये केंद्रानं राज्यांना अशा पडताळणीसाठी ३० दिवसांची मुदत घालून दिली. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्रातून उचललेले काही मजूर बांगलादेशाच्या हद्दीत ढकलले गेले आणि ते पश्चिम बंगालचे असल्याचं पुढं आल्यावर परत आणावे लागले. आपलाच नागरिक आपण देशाबाहेर काढला, यापेक्षा मोठी नाचक्की पोलीस खात्याची होऊ शकत नाही.

पण सोडून द्या असंही मी म्हणणार नाही. बांगलादेशाशी आपली सीमा ४,०९६ किलोमीटरची, त्यात कितीतरी भाग नदीचा, तिथं कुंपण उभंच राहत नाही. पलीकडून येणारे आहेत, आणणारे दलाल आहेत, कागद करून देणारे आहेत. माझा अनुभव असा की पैसे मोजून आलेल्या माणसाचे कागद अगदी चोख असतात: जन्मदाखला, शाळेचा दाखला, आधार, सगळ्यावर नाव एकाच पद्धतीनं लिहिलेलं. गरीब भारतीयाच्या कागदांत नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं आणि पत्ता जुना असतो. नवा शिपाई नेमका ह्या दुसऱ्यालाच पकडून आणतो. त्यामुळं तुमच्या पोराच्या पत्त्यातला घोळ बघून मला संशय येत नाही. मी चौकशी केली असती तर आधी मुकादमाची केली असती.

सावळज_बागायत

सगळ्यांचे आभार. काल टोळीतल्या सगळ्यांची माहिती ठाण्यात दिली, पोच घेतली. पलीकडच्या प्लॉटवरची जतची टोळीही माझ्याकडंच आहे, तिचीही दिली, म्हणजे एकाच टोळीला वेगळं काढल्यासारखं व्हायला नको. ग्रुपच्या ॲडमिनला घरी जाऊन भेटलो. फोटो काढला त्यानं, पण लोकांच्या मोबाईलवर गेला तो गेलाच.

ताई, दराचं विचारलंत. एकराचा दर सारखाच ठरवला होता. पण मुकादम त्यातून किती कापून घेतो हे मी कधी विचारलं नव्हतं. आता विचारलं. प्रत्येकाची मजुरी इथून पुढं ज्याच्या त्याच्या हातात देणार आणि वहीवर सही घेणार. मुकादम नाराज आहे, जातो म्हणतोय. गेला तर जाऊ दे.

माझ्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल: तो पोरगा पलीकडचा निघालाच, तर मी पोलिसांच्या आड येणार नाही. पण तोवरच्या कामाचा पैसा त्याच्या हातात ठेवल्याशिवाय त्याला गाडीत बसू देणार नाही, आणि वकीलसाहेब, कोर्टात त्याच्या बाजूनं कुणीतरी उभं राहील एवढं तुम्ही बघा.

त्याच्या मामानं मोबाईलवर २००२ च्या मतदार यादीचं पान पाठवलंय. त्यात बापाचं नाव आहे असं तो म्हणतो. पण सगळं बंगालीत. इथं कुणाला वाचता येतं का?

मिरजचा_वकील

कोर्टाची वेळ आली तर मी येतो, फीचा विषय नको. दादा, ते पान इथं उघड्यावर टाकू नका, त्यात शेजारच्या घरांचीही नावं-पत्ते असतात. वाचणाऱ्यालाच पाठवा.

गलाईवाला_विटा (सध्या त्रिशूर)

मला पाठवा. माझे मेहुणे कोलकात्याला गलाई करतात, पोरं तिथल्याच शाळेत शिकली, घरात सगळे बंगाली वाचतात. रात्री दुकान बंद झालं की वाचून घेतो आणि तुम्हाला फोन करतो. नदीच्या आधीच्या गावाचं नाव पोराकडून आत्ताच लिहून घेऊन ठेवा, यादीतल्या नावाशी ताडून बघायला लागेल.