केळं न घालता स्मूदी दाट कशी करायची?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. लेकीला सकाळी कॉलेजला निघताना पोळी-भाजी घशाखाली उतरत नाही, म्हणून स्मूदी सुरू केली. पण तिला केळ्याचा वासही चालत नाही आणि केळं वगळलं की मिक्सरमधून नुसतं पातळ सरबत निघतं. चिकूने छान दाटपणा येतो, पण रोज रोज चिकू? भिजवलेले ओट्स कोणी घालतं का? सब्जाचं नाव काढू नका, दातात अडकतो म्हणून कुरकुर आधीच ऐकून झाली आहे.

दुसरं म्हणजे पपई आणि अननस. दादरला दोन्ही चांगले मिळतात, पण दूध-दह्यात फिरवून थोडा वेळ ठेवलं की कडवट होतं. या फळांतली एन्झाइम्स दुधातली प्रथिनं तोडतात, त्याचा हा प्रताप. अननस आधी वाफवून घेतला तर कडवटपणा येत नाही, हे पटतं; पण मग ताजी चव राहते का? की सरळ संत्र्याच्या रसातच फिरवावा?

आणि हो, आमच्या मिक्सरला बर्फ झेपत नाही. आंब्याच्या गोठवलेल्या फोडी झेपतील का?