चिडवणाऱ्यांना अडवायला तिसरीच्या मुलांना कसे शिकवावे?

प्रश्न – शिक्षिका, राजारामपुरी
माझ्या वर्गात अडखळत बोलणाऱ्या एका मुलाची दोघे जण सतत नक्कल करतात आणि मधल्या सुट्टीत त्याचा डबा पळवतात. त्या दोघांपेक्षाही भोवती उभे राहून हसणाऱ्या मुलांची मला अधिक काळजी वाटते. पालकसभेत "त्याला तालमीत घाला, एकाच्या दोन द्यायला शिकेल" असे सुचवण्यात आले. आपले मत काय?

उत्तर – निवृत्त मुख्याध्यापक, शिवाजी पेठ
बाई, तुमचे लक्ष योग्य जागी गेले आहे. फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठात तयार झालेला 'किवा' हा शालेय कार्यक्रम बघ्या मुलांवरच भर देतो, कारण दांडगाई करणाऱ्याला प्रेक्षक हवे असतात. कॅनडातील शाळांच्या मैदानांवर चित्रीकरण करून केलेल्या, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सोबती मध्ये पडल्यावर निम्म्याहून अधिक वेळा त्रास दहा सेकंदांच्या आत थांबल्याचे आढळले. तरीही प्रत्येक मुलाने दांडग्यासमोर उभे राहावे अशी अपेक्षा ठेवू नये. बुजऱ्या मुलाने त्या मुलाजवळ जाऊन "चल, माझ्याबरोबर डबा खा" एवढे म्हटले तरी त्याचा एकटेपणा मोडतो. ही वाक्ये ऐन वेळी तोंडात यावीत म्हणून वर्गात नाट्यीकरणातून त्यांचा सराव घ्या, मात्र त्यात अडखळण्याचा प्रसंग मुळीच घेऊ नका.

उत्तर – पालक, कसबा बावडा
तालमीने अंगात धीर येतो हे मला मान्य आहे, पण आठ वर्षांच्या मुलाने एकट्याने लढून आपला मान मिळवावा, असे आपण मोठ्यांनी म्हणणे मला पटत नाही. शिवाय मुले सांगायला आली की आपणच "चहाड्या करू नकोस" म्हणून त्यांना गप्प करतो. एखाद्याला शिक्षा व्हावी म्हणून सांगणे आणि एखाद्याची सुटका व्हावी म्हणून सांगणे यांतला फरक उदाहरणे देऊन शिकवावा, आणि मुलाने सांगितल्यावर त्याच दिवशी काहीतरी करावे, नाहीतर ते पुन्हा सांगणार नाही. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांकही वर्गात लावून ठेवावा.

प्रश्नकर्त्या शिक्षिका
आभारी आहे. त्या दोघांना वर्गासमोर माफी मागायला लावावी का?

उत्तर – निवृत्त मुख्याध्यापक, शिवाजी पेठ
नको. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलांचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे, आणि चारचौघांत अपमान झालेला मुलगा त्याचा राग पुन्हा त्याच दुबळ्या मुलावर काढण्याची भीती असते. दोघांशी वेगवेगळे बोला, पालकांनाही स्वतंत्र भेटा, आणि काही आठवडे मधल्या सुट्टीत स्वतः तिथे थांबा.