ऑस्टिन: थंडीची लाट ओसरली की शिंका का वाढतात?

मीठभाकर
आम्ही टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या उत्तरेला सीडर पार्कला राहतो. सुरुवातीचे हिवाळे निवांत गेले. आता मात्र नाताळ जवळ आला की नाक गळतं, डोळे चुरचुरतात, टाळूला आतून खाज सुटते. अंगात कसकस असते, पण थर्मामीटरवर ताप दिसत नाही. आई पुण्याहून आली आहे. ती म्हणते, गार वारा बाधलाय, सुंठ घे, कान बांधून बाहेर जा. पण पाऊस पडून गारठलेल्या दिवशी मी बरी असते! दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन आणि उत्तरेचा वारा असला की बेजार. जानेवारीत कुठलं झाड फुलतं का?

टेकडीवाले
फुलतं. माउंटन सीडर म्हणतात ते, म्हणजे ॲश जुनिपर. आपल्या पश्चिमेच्या चुनखडीच्या टेकड्यांवर दुसरं झाड शोधावं लागेल इतकी ही दाट आहेत. यात नर आणि मादी झाडं वेगळी. मादीला निळसर फळं धरतात. नराच्या फांद्यांची टोकं डिसेंबरात तांबूस होतात, लांबून झाड वाळत चाललंय असं वाटतं. तो रंग परागाने भरलेल्या इवल्या शंकूंचा.

आमच्या कुंपणाला लागून असा एक नर आहे. कोरड्या दुपारी फांदीला नुसता धक्का लागला तरी पिवळसर धूर उठतो आणि बाहीवर पिठी बसते. टेकडीवर असा धूर पाहून आग लागली म्हणून लोक अग्निशमन दलाला फोन करतात, इतका तो दाट असतो.

तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. नुसत्या गारठ्याने पराग सुटत नाही. हवा दमट असली की शंकू मिटलेले राहतात, आणि पाऊस हवेतले कण खाली बसवतो. पण तयार पराग झाडावरच असतो. थंडीची लाट येऊन गेली की मागून कोरडी हवा, ऊन आणि वारा येतो. शंकू सुकून उघडतात आणि साठलेलं सगळं एकदम बाहेर पडतं. म्हणून हवामानाच्या बातम्यांत तापमानापेक्षा आर्द्रता आणि वारा पाहत जा. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत जोर असतो. सर्दी आठवड्याभरात आवरते, ही ॲलर्जी नाही आवरत.

फ्लुटिकासोनचा नाकातला फवारा इथे चिठ्ठीशिवाय मिळतो. त्यासाठी त्रास सुरू व्हायची वाट पाहू नका. डिसेंबर लागताच सुरू करून रोज मारला, तर जास्त उपयोग होतो. कोरड्या वाऱ्याच्या दिवशी खिडक्या बंद, कपडे बाहेर वाळत घालायचे नाहीत, आणि रात्री केस धुऊनच उशीला डोकं टेकायचं. दरवर्षी असंच होत असेल तर ॲलर्जीच्या डॉक्टरांकडून चाचणी करून घ्या. इंजेक्शनांचा कोर्स तीन ते पाच वर्षांचा असतो, पण ज्यांना इथेच राहायचंय त्यांनी त्याचा विचार जरूर करावा.

सॅन_अँटोनियोची_सून
जलनेतीने मला खूप आराम पडतो. पण ताई, नळाचं पाणी थेट नाकात घालू नका! डिस्टिल्ड पाणी आणा, नाहीतर उकळून कोमट केलेलं घ्या. नळाच्या पाण्यातला अमिबा नाकावाटे मेंदूपर्यंत जाऊ शकतो. क्वचितच होतं, पण झालं तर माणूस हाती लागणं कठीण.

मीठभाकर
दोघांचेही मनापासून आभार. आज नळाचंच पाणी घेणार होते. आता आईची काळजी वाटतेय, ती मार्चपर्यंत आहे. तिलाही होईल का?

टेकडीवाले
पहिल्याच हिवाळ्यात सहसा नाही. शरीराला हा पराग ‘ओळखीचा’ होऊन त्रास द्यायला लागेपर्यंत बहुतेकांचे काही हंगाम जातात. तुमचंही तसंच झालं. पण त्यांना दमा असेल तर पंप जवळ ठेवा, आणि छातीत घरघर वाटली तर वाट न बघता डॉक्टर गाठा. शिंका आल्याच तर झोप आणणारी जुनी ॲलर्जीची गोळी त्या वयात देऊ नका, तोल जातो, गोंधळ उडतो. सेटिरिझिनही डॉक्टरांना विचारूनच. आणि मार्चमध्ये ओक सुरू होतो, गाडीवर हिरवट-पिवळा थर दिसायला लागला की तो आला समजा. सकाळी त्यांना फिरायला नेत असाल तर तेवढे दिवस रस्ता बदला.