अकरा वर्षं छतावर काढली, आता फळ्यासमोर उभं राहावं का?

छतावरचा (मानेवाडा, नागपूर)

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

आयटीआय इलेक्ट्रिशियन केलं आणि २०१४ पासून लोकांच्या छतावरच आहे. आधी डिशच्या छत्र्या बसवल्या, मग सीसीटीव्ही, आणि २०१८ पासून सोलर. २०२४ ला सूर्यघर योजना आली. तीन किलोवॅटला ७८ हजार सबसिडी म्हटल्यावर बेसा, मनीषनगर, नरेंद्रनगर, जिकडे बघाल तिकडे स्ट्रक्चर उभे राहायला लागले. एका महिन्यात चौदा साइट केल्या आहेत मी दोन हेल्पर घेऊन. डबा स्कूटरच्या डिकीतच राहायचा, रात्री घरी आल्यावर उघडायचा.

काम आवडत नाही असं नाही. पण मागच्या मे महिन्यात बुटीबोरीला एका गोडाऊनच्या शेडवर काम चालू होतं. दहानंतर पत्र्याला हात लावता येत नाही, म्हणून आम्ही पहाटे साडेपाचला चढायचो. शेडवर उजेडासाठी मधेमधे फायबरच्या पट्ट्या टाकतात. त्यांच्यावर दोन वर्षांची धूळ बसली की पत्रा कोणता नि फायबर कोणतं, ओळखू येत नाही. माझा डावा पाय मांडीपर्यंत आत गेला. उजवा पर्लिनवर, म्हणजे पत्र्याखालच्या लोखंडी आडपट्टीवर होता म्हणून आज हे लिहितोय. खाली बावीस फूट आणि सिमेंटची जमीन. बेल्ट होता, पण ठेकेदाराच्या गाडीत. तो खालून ओरडला, ‘‘लागलं का?’’ मी नाही म्हटलं तर म्हणतो, ‘‘शीट बाराशेची होती, बिलातून कापून घेईन.’’ आणि घेतली कापून.

तेव्हापासून मिसेसचं चालू आहे, खालचं काम बघा म्हणून.

तर झालं असं की, एका प्रशिक्षण केंद्राला सोलरच्या बॅचसाठी ट्रेनर पाहिजे होता. ओळखीतून नाव गेलं आणि डेमो लेक्चरला बोलावलं. विषय डीसी साइडचं, म्हणजे पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतचं वायरिंग, वेळ एक तास. घरी मिसेससमोर दोनदा म्हणून बघितलं, पंचेचाळीस मिनिटं भरली. वर्गात सतरा मिनिटांत सगळं संपलं. समोर अठ्ठावीस पोट्टे, त्यांच्या मागे केंद्राचे दोघं वही घेऊन बसलेले. स्ट्रक्चरची रेल अर्ध्या अंशानं वाकडी असली तरी माझ्या डोळ्याला दिसते, पण फळ्यावरची माझी प्रत्येक ओळ घसरगुंडी होऊन खाली उतरत होती.

मग गप्प उभा राहिलो. घाम पुसला. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, ‘‘सर, लाईन गेली की सोलर काऊन बंद पडते? सूर्य तर राहतेच ना वर.’’

हा प्रश्न मला दर दुसऱ्या घरी विचारतात. खडू ठेवून दिला आणि म्हटलं, समज तुझ्या गल्लीत फॉल्ट झाला. लाईनमननं डीपीवरून लाईन बंद केली आणि खांबावर चढला. तुझ्या घरचं सोलरचं इन्व्हर्टर चालूच राहिलं तर तुझ्या छतावरची वीज मीटरमधून बाहेर लाईनवर जाईल. तो तर समजतोय तार मेलेली आहे. म्हणून ग्रिड गेली की हे इन्व्हर्टर आपल्या आपण गप्प बसते. ‘‘अन् लाईनमन तुझा बाप असला तर?’’ असं निघून गेलं तोंडातून. एक पोट्टा म्हणाला, ‘‘माझे बाबा लाईनमनच आहेत सर.’’ पुढची वीस मिनिटं कशी गेली कळलं नाही.

दोन दिवसांनी फोन आला, या म्हणून. एकवीस हजार, अकरा महिन्यांचा करार, दहा ते सहा, रविवार सुट्टी. सध्या मला सीझनमध्ये तीस-बत्तीस पडतात, पावसाळ्यात तेरा-चौदावर येतो. म्हणजे वर्षाचा हिशेब फार खाली-वर नाही. भीती वेगळीच आहे. त्या वीस मिनिटांच्या गोष्टी माझ्याकडे असून असून किती असतील? महिनाभरात संपतील, मग काय? आणि दोन वर्षं खडू धरल्यावर हात बसून गेला नि करारही संपला, तर कोणत्या तोंडानं परत छतावर चढू?

कोणी असं वळण घेतलं असेल तर खरं खरं सांगा.

---

जुना निदेशक

विदर्भातल्या सरकारी आयटीआयमध्ये वायरमन ट्रेडचा शिल्प निदेशक म्हणून मी सत्तावीस वर्षं काढली. माझं पहिलं लेक्चर अकरा मिनिटांत संपलं होतं. तुमचं सतरा चाललं.

तुम्हाला गोष्टी कमी पडणार नाहीत. त्रास होईल तो हातांचा. चांगला कारागीर निदेशक झाला की त्याला पोरांची चूक बघवत नाही. पोरगं तार सोलताना कॉपरचे दोन धागे कापतं, आणि आपण ‘आण इकडे’ म्हणून त्याच्या हातातली पक्कड काढून घेतो. तीस सेकंदांत सुंदर जॉइंट करून दाखवतो. पोरं वा म्हणतात आणि शिकत काहीच नाहीत. माझ्या सुरुवातीच्या दोन बॅच अशाच वाया गेल्या. नंतर मी वर्कशॉपमध्ये हात पाठीमागे बांधून फिरायला लागलो. पोरांना वाटायचं साहेबी आली. खरं म्हणजे मी स्वतःचे हात धरून ठेवलेले असायचे.

आता कागदांचं. केंद्र कोणतं आहे आणि बॅचचा पैसा कुठून येतो ते आधी विचारा. सरकारी योजनेतल्या बॅचला शिकवायचं तर बहुधा स्किल कौन्सिलचं टीओटी (ट्रेनिंग ऑफ ट्रेनर्स), म्हणजे ट्रेनरचं प्रमाणपत्र मागतात. सोलरसाठी ते स्किल कौन्सिल फॉर ग्रीन जॉब्सचं. ते केंद्राच्या खर्चानं करून घ्या, तुमच्या पगारातून नको. पुढे कधी सरकारी आयटीआयत कायम जागेचा विचार असेल तर सीआयटीएस हा निदेशक प्रशिक्षणाचा एक वर्षाचा कोर्स झालेला असणं फार उपयोगाचं. मधल्या काळात तासिका तत्त्वावर निदेशक घेतात, त्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. श्रद्धानंदपेठेतल्या आयटीआयच्या नोटीस बोर्डापुढून आठवड्याला एक चक्कर मारायला काय जातं?

आणखी एक विचारा. प्रात्यक्षिकाचे तास किती? २०१५ ला सूर्यमित्र हा सोलर तंत्रज्ञांचा सरकारी कोर्स सुरू झाला तेव्हा तो ६०० तासांचा आणि निवासी होता. तुमच्या केंद्राचा कोर्स किती तासांचा आणि त्यातले किती तास पोरांच्या हातात पाना असतो, यावरून केंद्र कळेल.

---

एसीवाला भाऊ

निदेशक साहेबांनी शिकवायचं सांगितलं, मी पोटाचं सांगतो. मी आधी सीताबर्डीतल्या एका दुकानाचे एसी लावायचो, आता चार वर्षं झाली रेफ्रिजरेशनच्या पोट्ट्यांना शिकवून राहिलो. हिंगण्याकडे.

भाऊ, तुले वाटते ट्रेनर म्हणजे शिकवणं. शिकवणं अर्धं. बाकीचं अर्धं म्हणजे बायोमेट्रिक. सकाळी मशीन कोणाचं बोट घेत नाही, मग बोट ओलं कर, पूस, पुन्हा लाव. बॅच संपली की प्लेसमेंटचे फोन. ‘‘अरे तू कामावर लागला का? सॅलरी स्लिप पाठव ना बाप्पा.’’ पोट्टा म्हणते सर मी तर काकाच्या पानठेल्यावर बसतो. आता त्याची स्लिप कुठून आणू? आणि केंद्राला पुढचा हप्ता यावरच भेटते.

म्हणून करारात तीन-चार गोष्टी विचारून घे. एक बॅच संपून दुसरी लागेपर्यंत पगार चालू राहते का? माझ्या पहिल्या केंद्रात (नाव नाही घेत) दोन महिने बॅच नव्हती तर दोन महिने पगार नव्हता, आणि हे मले महिना भरल्यावर सांगितलं. पीएफ कापतात का? प्लेसमेंट नाही झाली तर ट्रेनरच्या पगाराला हात लावतात का? सगळं कागदावर. तोंडी गोष्ट तर्रीसारखी असते, पोह्यावर पडली की दिसत नाही.

हात बसून जाईल हे तू बरोबर ओळखलं. सहा महिने मी फक्त वर्गात होतो. मग साळ्याच्या घरी एसी लावायला गेलो, फ्लेअरच्या जॉइंटमधून, म्हणजे तांब्याच्या नळीचं तोंड पसरवून जोडतात तिथून, गॅस निघून राहिला. साळ्यासमोर! त्या दिवसापासून महिन्यातले दोन रविवार माझे बाहेरच्या कामाचे. पैसे येतात ते वेगळंच, पण सोमवारी वर्गात सांगायला ताजा माल असते. तुझ्या गोष्टी संपण्याचं औषध तेच आहे. फक्त रविवारच्या कामाचं केंद्राला आधी सांगून ठेव, मागून कळलं की तोंडं वाकडी होतात. आणि वायरमनचं लायसन रिन्यू करत राहा, ट्रेनर झालो म्हणून पेटीत टाकू नको.

---

कामठीची इलेक्ट्रिशियन

मी बाकाच्या बाजूनं लिहिते. अशाच एका केंद्रातून सोलरचा कोर्स केला. आमचे सर स्वभावानं चांगले होते, पण छतावर किती चढले असतील शंका आहे. सगळं पीपीटीवर. पॅनेलच्या केबली जोडायच्या एमसी-फोर कनेक्टरचा एक मोठा फोटो होता, लाल बाण काढलेला. तीस मुलांत क्रिम्पिंग टूल, म्हणजे केबलवर कनेक्टरची पिन दाबून बसवायचं हत्यार, एक. सरांनी एक पिन दाबून दाखवली, ती तीस हातांतून फिरली, झालं प्रात्यक्षिक.

पहिल्याच साइटवर टूल दुसऱ्या टीमकडे होतं. मी पकडीनं पिन दाबली. ओढून बघायची असते हे कोणी शिकवलंच नव्हतं. कनेक्टर टक करून बसला, मला वाटलं जमलं. सव्वा महिन्यानं मालकाचा फोन आला, छतावर जळका वास येतो म्हणून. जाऊन बघितलं तर कनेक्टरचं काळं प्लास्टिक मेणासारखं ओघळून रेलला चिकटलेलं. सैल पिन, तिथे रेझिस्टन्स, तिथे उष्णता. सहा पॅनेलची स्ट्रिंग (एकामागोमाग जोडलेली माळ) म्हणजे जवळपास तीनशे व्होल्ट, आणि तेही डीसी. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, ठिणगीला विझायला जागा मिळते. डीसीत ती मिळत नाही. हे मला कोर्समध्ये नाही, तो कनेक्टर हातात घेऊन कळलं. नशीब, पॅरापेटजवळ होतं, खाली कुलरचं गवत ठेवलेलं नव्हतं.

दुसरी गोष्ट. स्लाइडवर लिहिलेलं होतं की पॅनेलचे वॅट २५ अंशांवर मोजतात. आम्ही लिहून घेतलं. नागपूरच्या मे महिन्यात हवा ४५ असते, पॅनेल ६५-७० ला जातं आणि दर अंशाला साधारण पाव ते अर्धा टक्क्याच्या मधे पॉवर पडते, म्हणजे भर उन्हात पंधरा टक्के गेलेच, हा हिशेब कोणी करून दाखवला नाही. मग ग्राहक म्हणतात, ‘‘मॅडम, एवढं ऊन आहे तरी युनिट कमी काऊन?’’ आणि मी घरी येऊन यूट्यूब बघते.

दादा, तुम्ही जा. पण जायच्या आधी त्यांची वर्कशॉपची खोली उघडून बघा. टूल किती, पिना किती, केबल किती. प्रत्येक मुलाला निदान दहा पिना वाया घालवायला मिळाल्या पाहिजेत. आणि तुमच्या बॅचमध्ये मुली असतील तर त्यांना खाली एसीडीबी (इन्व्हर्टरनंतरचा एसीचा डबा) बघायला ठेवू नका, वर चढवा. मला चार महिने कोणी शिडीला हात लावू दिला नव्हता.

---

छतावरचा

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला आठ दिवस लागले, कारण मधे दोन साइट होत्या आणि एकदा केंद्रात जाऊन आलो.

ताईंनी सांगितल्याप्रमाणे खोली उघडायला लावली. क्रिम्पिंग टूल दोन निघाले, त्यातल्या एकाचा जबडा ढिला. डेमो पॅनेल भिंतीला टेकवून ठेवलेलं, त्यावर अजून प्लास्टिक. अर्थिंगचा खड्डा नाहीच, चार्ट आहे. सेफ्टी बेल्ट सहा, सगळे पॅकिंगमध्ये. मी म्हटलं, हे पहिल्या दिवशी फोडणार. मॅनेजर म्हणाले तपासणीला नवे दिसायला पाहिजेत. मी बुटीबोरीची गोष्ट सांगितली. ते थोडे गप्प झाले आणि म्हणाले, तीन फोडा.

पिनांचं मान्य झालं, माणशी दहा नाही, सहा. खड्डा मागच्या अंगणात खणायचा, खर्च केंद्राचा, खणणार मी आणि पोट्टे. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात हात-हात भेगाळते आणि अर्थिंगचं रीडिंग कुठल्या कुठे जातं, ते त्यांना पावसाळ्यात एकदा आणि मे महिन्यात एकदा मोजायला लावीन. बॅच दोन्हीच्या मधे संपणार, तर मेच्या रीडिंगला जुन्या पोट्ट्यांना बोलवू, चहा पाजू.

एसीवाल्या भाऊंचं ऐकून मधल्या काळाच्या पगाराचं विचारलं. अर्धा देतो म्हणाले. मी लेखी द्या म्हटलं तर साहेबांना विचारतो म्हणाले, चार दिवसांनी मेलवर आलं. टीओटीची फी केंद्र भरणार. पीएफचं मात्र अजून ‘बघू’ आहे. रविवारच्या कामाला हरकत नाही, फक्त बॅचमधल्या मुलांना तिकडे फुकट राबवायचं नाही अशी अट घातली. ही अट मला आवडली, खरं सांगतो.

निदेशक साहेब, हात बांधायचं काल घरी करून बघितलं. मुलगी चौथीत आहे, तिला टू-पिनचा प्लग जोडायला दिला. तिनं स्क्रू उलटा फिरवला, मग सोडला, मग पडला, मग पलंगाखाली शोधला. माझे हात मांडीखाली दाबून ठेवले होते तरी दोनदा बाहेर आले. पाऊण तासानं प्लग लागला. तिनं आईला नेऊन दाखवला, मला नाही.

एक तारखेपासून जॉइन होतोय. डिकीत तीन जळालेले कनेक्टर आणि एक वितळलेला एमसीबी आहे, ते वर्गासाठी ठेवलेत. ताई, तुमचा तो ओघळलेला कनेक्टर अजून असेल तर मला पाहिजे. आणि कोणाकडे बंद पडलेलं सोलर इन्व्हर्टर असेल, कोणत्याही कंपनीचं, तर कळवा. पोट्ट्यांना उघडून बघायला पाहिजे आहे. रविवारी स्वतः येऊन नेईन, भंगारवाल्यापेक्षा पन्नास रुपये जास्त देईन.